रक्ताची गुठळी आणि उपचाराचे तारतम्य

साठी उलटलेल्या माणसाच्या औषधांच्या डबीत रक्तदाबाच्या गोळीशेजारी रक्त पातळ ठेवणारी एखादी गोळी असणे ही गोष्ट शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गावांतही आता इतकी सर्वसाधारण झाली आहे की, तिचे नाव विचारले असता पुष्कळांना ते सांगता येत नाही; ‘हृदयाची गोळी’ एवढ्यावर भागते. हाच माणूस न्यूमोनियाने, मूत्रमार्गातील जंतुदोषाने किंवा मधुमेहात चिघळलेल्या पायाच्या जखमेने एकाएकी अत्यवस्थ होऊन अतिदक्षता विभागात दाखल होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्या प्लेटलेटचा आकडा घसरू लागतो, तेव्हा बाहेर बाकावर बसलेल्या आप्तमंडळींत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, प्लेटलेटच्या पिशव्या चढवा आणि ती गोळी तत्काळ बंद करा. दुसऱ्या पक्षाने कोठेतरी वाचलेले असते की अशा आजारात अंगभर रक्ताच्या गुठळ्या होतात, म्हणून तो म्हणतो, रक्त आणखी पातळ करा. दोन्ही पक्षांचा कळवळा खरा असतो. परंतु एकाने आकड्याला आणि दुसऱ्याने गुठळीला रोग मानलेले असते, आणि रोग मात्र तिसरीकडेच असतो. या भ्रमात केवळ सामान्य माणसे सापडली असती, तर त्यावर लेखणी झिजविण्याचे प्रयोजन नव्हते. वैद्यकशास्त्रातील अत्यंत बुद्धिमान माणसेही कित्येक दशके याच भ्रमाच्या आसपास वावरली, आणि त्यांची ती कैफियत सामान्य वाचकानेही ऐकण्यासारखी आहे.

प्लेटलेट, म्हणजे आपल्या परिभाषेतील बिंबाणू, हे रक्तातील सर्वांत लहान घटक. इटलीतील तुरीन येथील जुलिओ बित्सोझेरो यांनी १८८२ साली त्यांचे स्वतंत्र अस्तित्व आणि रक्त साखळण्यातील त्यांचे कार्य दाखवून दिले. त्यांना केंद्रक नाही, त्यांचे आयुष्य आठ-दहा दिवसांचे, आणि निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्यांची संख्या दीड ते साडेचार लाख. जखम झाली की तेथे चिकटून रक्ताला बांध घालावा, यापलीकडे त्यांना काही कर्तव्य नाही, अशी समजूत दीर्घकाळ होती. दुसरीकडे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत पटकीच्या जंतूंवर काम करीत असता रिचर्ड फायफर यांना असे आढळले की, जंतू मेले तरी त्यांच्या देहातील एक द्रव्य प्राण्याचा जीव घेऊ शकते. हेच अंतर्विष, ते जंतूच्या बाह्य कवचाचाच एक भाग असते, आणि जंतू फुटला की रक्तात मोकळे होते. या दोन शोधांचा परस्परांशी काही संबंध असेल, हे पुढे शंभर वर्षांनी पुरते उमगले. अंतर्विष ओळखणारा जो ग्राहक-रेणू पांढऱ्या पेशींवर असतो, तोच प्लेटलेटवरही असतो. आणि २००७ साली कॅनडातील कॅलगरी येथील संशोधकांनी असे दाखविले की, अंतर्विषाने चेतलेल्या प्लेटलेट पांढऱ्या पेशींना जाऊन चिकटतात व त्यांना आपल्या केंद्रकातील धाग्यांची जाळी रक्तप्रवाहात फेकावयास लावतात, ज्या जाळ्यांत वाहते जंतू अडकून पडतात. या जाळ्यांभोवती रक्त साखळते. गावात दरोडेखोर शिरल्याची वर्दी येताच वेशी बंद कराव्यात, तसे शरीर सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून गुठळ्या करून जंतूंची पुढची वाट अडविते; एक रात्र वेशी बंद राहिल्या तर गाव वाचते, महिनाभर राहिल्या तर दाणागोटा संपून गावच मरते. म्युनिकच्या एंगेलमान आणि मासबेर्ग यांनी २०१३ साली या विचाराची व्यवस्थित मांडणी केली, आणि रक्ताचे साखळणे हे संरक्षणाचेच एक अंग आहे, ही गोष्ट शास्त्रात रूढ झाली.

आता आकडा का घसरतो, ते पाहू. काही प्लेटलेट गुठळ्यांत खर्ची पडतात, काही पांढऱ्या पेशींना चिकटून फुप्फुसांत व यकृतात अडकतात, आणि काही तर शरीर स्वतःच, हेतुपुरस्सर म्हणावे अशा रीतीने, काढून टाकते. या शेवटच्या प्रकाराची हकीगत मला सर्वांत उद्बोधक वाटते. प्लेटलेटच्या पृष्ठभागावर एका आम्लशर्करेचे आवरण असते. ते झडले की यकृतातील एक विशिष्ट ग्राहक त्या प्लेटलेटला ओळखून गिळंकृत करतो. कॅलिफोर्नियातील जेमी मार्थ यांच्या गटाने २००८ साली उंदरांवर प्रयोग करून असे दाखविले की, न्यूमोनियाचा जंतू रक्तात शिरला असता तो हे आवरण उतरवितो, यकृत अशा उघड्या पडलेल्या प्लेटलेट वेगाने काढून घेते, आणि त्यामुळे घातक गुठळ्यांचे प्रमाण कमी होऊन उंदीर अधिक प्रमाणात वाचतात. म्हणजे येथे आकड्याची घसरण हीच संरक्षणाची युक्ती. कॅलिफोर्नियातीलच दुसऱ्या गटाने २०२१ साली स्टॅफिलोकॉकस ऑरियस या पू करणाऱ्या जंतूचा अभ्यास केला, तेव्हा चित्र नेमके उलटे निघाले. या जंतूचे विष प्लेटलेटला चेतवून तिचे आवरण तिच्याच हातून उतरविते, यकृत त्या प्लेटलेट काढून घेते, आणि जंतूला मारणारे हे सैन्य नाहीसे झाल्यामुळे जंतू माजतो. गंमत अशी की, या दुसऱ्या प्रसंगी उपयोगी पडले ते टिकाग्रेलॉर, म्हणजे हृदयाच्या धमनीत स्टेंट घातलेल्या रुग्णांना दिले जाणारे, प्लेटलेटला शांत ठेवणारे औषध. त्याने प्लेटलेट चेतल्या नाहीत, म्हणून त्यांचे आवरण टिकले, म्हणून आकडा टिकला, म्हणून उंदीर तगले. रक्त पातळ करणाऱ्या औषधाने प्लेटलेटची संख्या राखली जावी, ही गोष्ट बाकावरच्या दोन्ही पक्षांच्या तर्कशास्त्रात बसणारी नाही. एकच यकृत, एकच दार. परंतु जंतू बदलला की तेच दार तारक किंवा मारक ठरते. ज्याला आकड्यावरून उपचाराचा फैसला करावयाचा आहे, त्याने या दोन प्रयोगांचा खुलासा प्रथम द्यावा. अर्थात हे उंदरांचे दाखले आहेत, आणि उंदरावरून माणसावर उडी घेतल्याने काय होते, त्याचा वृत्तांत पुढे येतच आहे.

तो वृत्तांत १९५३ साली सुरू होतो. मिनेसोटा विद्यापीठातील रॉबर्ट गुड आणि लुईस टॉमस यांनी सशांना एका दिवसाच्या अंतराने अंतर्विषाच्या दोन मात्रा दिल्या असता सशांच्या मूत्रपिंडांतील सूक्ष्म वाहिन्या गुठळ्यांनी बुजून जात; हेपारिन दिले की हा प्रकार टळे. हेपारिन हे १९१६ साली बाल्टिमोर येथे जे मॅक्लीन नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याच्या कामातून उजेडात आलेले, रक्त साखळू न देणारे द्रव्य, आणि तोवर शस्त्रक्रियेत ते रुळले होते. सशांचा निष्कर्ष इतका स्वच्छ होता की, गुठळी थांबवावी म्हणजे जंतुविषाने होणारा मृत्यू थांबेल, हे अनुमान काढण्यास कोणालाही संकोच वाटला नसता. हेच लुईस टॉमस पुढे निबंधकार म्हणून जगभर गाजले, आणि १९७० नंतरच्या त्यांच्या लेखनात त्यांनी असा विचार मांडला की, जंतूंपेक्षा त्यांच्याविरुद्ध आपण उपसलेली शस्त्रेच आपला अधिक घात करतात. प्रयोगशाळेतील माणसाला असे लिहिता येते आणि साहित्यातील माणसाला ससे हाताळता येत नाहीत, याचा आम्हां लेखकांना थोडा मत्सर वाटतो, हे सांगून टाकलेले बरे.

परंतु माणसाचा देह सशाच्या साक्षीला बांधलेला नाही. १९७० साली अमेरिकेतील कॉरिगन व जॉर्डन यांनी रक्तात जंतुदोष होऊन गुठळ्या झालेल्या रुग्णांना हेपारिन दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. रक्तचाचण्यांतील दोष सुधारले. मृत्यूंचे प्रमाण मात्र हटले नाही. या एका निबंधात पुढच्या चाळीस वर्षांचा निकाल लिहिलेला होता, असे आज म्हणता येते. त्या वेळी तो कोणी त्या अर्थाने वाचला नाही. १९९१ साली ओक्लाहोमा येथील फ्लेचर टेलर यांच्या गटाने बबून माकडांना जंतू टोचून, रक्त साखळण्याच्या साखळीतील एक मोक्याची कडी औषधाने पूर्णपणे बंद पाडली; गुठळ्या झाल्याच नाहीत, आणि तरीही रक्तदाब कोसळला, अवयव निकामी झाले. म्हणजे जंतुविषाने पेटलेला दाह आणि त्यातून होणारी गुठळी ही एकमेकांत गुंतलेली असली, तरी गुठळी कापून काढल्याने दाह विझत नाही.

तथापि, याच गटाच्या १९८७ च्या प्रयोगात सक्रिय प्रथिन ‘सी’ या शरीरातीलच एका द्रव्याने बबून वाचले होते, आणि ते द्रव्य रक्त साखळणे रोखते तसेच दाहही शमविते अशी चिन्हे होती. आशा पुन्हा बळावली. १९९० नंतर एका मोठ्या औषध कंपनीने हे प्रथिन कारखान्यात निर्माण केले, आणि २००१ साली १,६९० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: अठ्ठावीस दिवसांत निष्प्रभ द्रव चढविलेल्यांपैकी ३०.८ टक्के दगावले, औषध घेतलेल्यांपैकी २४.७ टक्के. सेप्सिसच्या, म्हणजे जंतुदोषाने अवयव निकामी करणाऱ्या या आजाराच्या, इतिहासात असा विजय कोणी पाहिला नव्हता. तरीही अमेरिकन सरकारच्या औषध-नियामक खात्याच्या सल्लागार समितीत दहा मते बाजूने व दहा विरुद्ध पडली, कारण चाचणी चालू असतानाच तिच्या नियमांत फेरफार झाला होता आणि गंभीर रक्तस्राव औषध घेणाऱ्यांत जास्त होता. खात्याने त्याच वर्षी नोव्हेंबरात परवानगी दिली. एका रुग्णाच्या उपचाराला सुमारे ६,८०० डॉलर पडत. मग दहा वर्षे जगभरच्या अतिदक्षता विभागांत हे औषध ओतले गेले, आणि २०११ साली सुमारे १,७०० रुग्णांवर चाचणी पुन्हा केली, तेव्हा औषध घेतलेल्यांत मृत्यू २६.४ टक्के व न घेतलेल्यांत २४.२ टक्के निघाले. ऑक्टोबर २०११ मध्ये कंपनीने औषध बाजारातून काढून घेतले. विज्ञानाने आपली चूक आपणच सुधारली, असे अभिमानाने सांगण्याची रीत आहे. ज्यांच्या मेंदूत त्या दशकात औषधामुळे रक्तस्राव झाला, त्यांच्या घरच्यांना ही रीत कितपत पटेल, याची मला शंका आहे.

बाकीच्या चाचण्यांचा तपशील लांबविण्यात अर्थ नाही. अँटीथ्रॉम्बिन, ऊतकघटकाचा प्रतिरोधक, थ्रॉम्बोमोड्युलिन ही गुठळी रोखणारी द्रव्ये, आणि कोलंबियातील ३१९ रुग्णांवर केलेला साध्या हेपारिनचा प्रयोग, या साऱ्यांच्या पदरी मृत्युसंख्येत भरवशाची घट पडली नाही. अँटीथ्रॉम्बिनच्या २,३१४ रुग्णांच्या चाचणीत तर मृत्यू ३८.९ आणि ३८.७ टक्के, म्हणजे नाण्याच्या दोन बाजूंइतके सारखे. मात्र रक्तस्राव औषध घेणाऱ्यांत २२ टक्के आणि इतरांत १२.८ टक्के. प्लेटलेटवर अंमल करणाऱ्या अ‍ॅस्पिरिनची गत वेगळी नाही. जुन्या नोंदी चाळणाऱ्यांना वाटे की, अ‍ॅस्पिरिन घेणारे लोक सेप्सिसने कमी मरतात. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढील सोळा हजारांहून अधिक माणसांना चिठ्ठ्या टाकून अ‍ॅस्पिरिन किंवा निष्प्रभ गोळी दिली, तेव्हा सेप्सिसच्या मृत्यूंत घट आढळली नाही, असे २०२० साली जाहीर झाले.

येथे हेपारिनच्या स्वभावाची एक बाजू सांगितल्यावाचून राहवत नाही. काही रुग्णांत हेपारिन सुरू केल्यापासून पाच ते दहा दिवसांत प्लेटलेटचा आकडा निम्म्याहूनही खाली येतो, आणि रक्तस्राव होण्याऐवजी नव्या, भयंकर गुठळ्या होतात. कारण असे की, प्लेटलेटमधून सुटणारे एक प्रथिन हेपारिनला चिकटते, त्या जोडगोळीला शरीर परके समजते आणि तिच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड येथील संशोधकांनी २०११ साली असे दाखविले की, हेच प्रथिन जंतूंच्या पृष्ठभागालाही तसेच चिकटते, आणि त्या जंतूंविरुद्ध झालेली प्रतिद्रव्ये हेपारिनच्या जोडगोळीलाही ओळखतात. म्हणजे गुठळी रोखण्यासाठी दिलेल्या औषधाला शरीर जंतू समजून बसते, आणि जुन्या शत्रूवरचा हत्यारांचा साठा त्याच्यावर रिता करते. सेप्सिसच्या रुग्णाची प्लेटलेट घसरली, तर ती जंतूमुळे, हेपारिनमुळे, एखाद्या प्रतिजैविकामुळे की अस्थिमज्जा थकल्यामुळे, हा शोध घेण्यास वैद्याला जो वेळ लागतो तो आळस नव्हे.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत आपण महाराष्ट्रात हे सारे डोळ्यांनी पाहिले आहे. डी-डायमर हा रक्तचाचणीचा शब्द त्या उन्हाळ्यात भाजीबाजारात ऐकू येई, आणि घरी अंथरुणावर पडलेल्या सौम्य तापाच्या रुग्णांनाही कोणी तरी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या लिहून देई. कोविड हा विषाणूचा रोग, जंतुविषाचा नव्हे. परंतु त्यावर झालेल्या मोठ्या चाचण्यांनी २०२१ च्या ऑगस्टमध्ये जे सांगितले ते आपल्या विषयाला फार जवळचे आहे. इस्पितळात दाखल असलेल्या, पण अद्याप अत्यवस्थ न झालेल्या रुग्णांना हेपारिनची पूर्ण मात्रा उपकारक ठरली. अत्यवस्थ होऊन अतिदक्षता विभागात पोहोचलेल्यांना तिचा लाभ झाला नाही. औषध तेच, रोग तोच, फरक केवळ मुदतीचा. सशांना विष केव्हा द्यावयाचे ते प्रयोगकर्त्यालाच ठाऊक असते. माणूस मात्र गावच्या डॉक्टरकडून तालुक्याला आणि तालुक्यावरून जिल्ह्याला फिरत, ताप येऊन चार दिवस लोटल्यावर दाखल होतो, तेव्हा त्याच्या वाहिन्यांतील गुठळी कोणत्या अवस्थेत आहे, हे सांगणारी साधी चाचणी आजही बाजारात नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, सेप्सिसमध्ये प्लेटलेटचा आकडा हा साक्षीदार मानावा, आरोपी मानू नये. अवयवांची स्थिती मोजण्याच्या रूढ गणनेत तो आहे, आणि तेथे तो योग्य ठिकाणी आहे. रक्तस्राव होत नसेल तर आकडा दहा हजारांच्या खाली, आणि रक्तस्रावाचा धोका मोठा असेल तर वीस हजारांच्या खाली उतरेपर्यंत प्लेटलेट चढवू नयेत, ही साधारण वैद्यकीय वहिवाट आहे. साठ हजारांवर आलेल्या आकड्याला पाहून पिशवीसाठी रक्तपेढ्या पालथ्या घालणारे आप्त डॉक्टरवर जो दबाव आणतात, त्याचा उपयोग रुग्णाला नसतो. याच्या उलट, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पायांत गुठळी होऊ नये म्हणून हेपारिनची लहान मात्रा दिली जाते, ती सेप्सिसवरचा उपाय म्हणून नव्हे, हेही समजून घ्यावे. आणि जी गोळी आधीपासून चालू आहे, तिच्याविषयी तर घरच्यांनी स्वतःच्या अधिकारात काहीच ठरवू नये: काही आठवड्यांपूर्वी स्टेंट घातलेल्या माणसाची गोळी एकाएकी थांबविली तर स्टेंटच बुजण्याचे भय, आणि मूत्रपिंडे मंदावलेल्या रुग्णात काही गोळ्या शरीरात साचून रक्तस्रावाचे भय. या दोन भयांचे वजन करण्यासाठी डॉक्टरला गोळीचे नाव, मात्रा आणि शेवटची केव्हा घेतली हे कळले पाहिजे. ‘हृदयाची पांढरी गोळी’ या माहितीवर तो काय करणार?

आकड्याच्या मागे धावण्याचा सर्वांत मोठा तोटा आपल्याकडे पावसाळ्यात दिसतो. प्लेटलेट उतरल्या म्हणजे डेंग्यू, असे समीकरण इतके पक्के बसले आहे की, पपईच्या पानांचा रस काढण्यात दोन दिवस जातात. परंतु मुंबईच्या तुंबलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस आणि विदर्भात २०१८ साली पुष्कळांना गाठणारा स्क्रब टायफस, या दोन्हींत प्लेटलेट अशाच उतरतात, आणि हे दोन्ही रोग जंतूंचे असल्याने डॉक्सिसायक्लिनसारख्या अगदी स्वस्त प्रतिजैविकाने वेळीच आटोक्यात येतात. तेथे आकडा वाढविण्याचा खटाटोप म्हणजे औषध खिशात असताना वेळ दवडणे होय.

वैद्यकाच्या हाती सेप्सिसवर आज जे खरे शस्त्र आहे, ते जुने आणि अनाकर्षक आहे: रक्ताचा नमुना जंतुपरीक्षेसाठी घेणे, योग्य प्रतिजैविक विनाविलंब देणे, पू साचला असेल तेथून काढणे, रक्तदाब सावरणे. २००६ साली कॅनडा व अमेरिकेतील नोंदींवरून असे आढळले होते की, सेप्सिसने रक्तदाब कोसळल्यानंतर पहिल्या सहा तासांत प्रतिजैविकाला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या विलंबाबरोबर जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटत जाते. जागतिक आरोग्य परिषदेने २०१७ साली सेप्सिसविषयी ठराव करून सदस्य राष्ट्रांना त्याचा बंदोबस्त राष्ट्रीय धोरणात आणण्यास सांगितले, आणि त्याच वर्षात जगात सेप्सिसने सुमारे १ कोटी १० लाख माणसे दगावल्याचा अंदाज पुढे प्रसिद्ध झाला. आपल्या आरोग्यखात्याने जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत रक्ताची जंतुपरीक्षा अहोरात्र चालू ठेवण्यावर पैसा खर्च केला, तर तो गुठळीवरच्या पुढच्या महागड्या औषधाची वाट पाहण्यापेक्षा कितीतरी सत्कारणी लागेल. वाचकांना माझी विनंती एवढीच की, घरात रक्त पातळ करणारी गोळी कोणी घेत असेल तर तिचे नाव व मात्रा आजच कागदावर लिहून ठेवावी. आणि त्या माणसाला जंतुदोषाने इस्पितळात न्यावे लागले, तर तो कागद डॉक्टरच्या हाती देऊन, प्लेटलेट किती झाल्या हे विचारण्यापूर्वी, प्रतिजैविक किती वाजता सुरू झाले हे विचारावे.